गुडघा बदलायला तीन महिने अवकाश आहे, तोवर दुखणं आणि चालणं कसं सांभाळायचं?

मृदुला_सातारा

सासूबाई, वय ६८, उंची ४ फूट ११ इंच, वजन ७४ किलो. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. एक्स-रेत उजव्या गुडघ्याची आतली फट जवळजवळ संपलेली दिसते, पाय बाहेरच्या अंगाला वाकलाय. सर्जननी उजवा गुडघा आधी करू म्हटलंय, पण एचबीए१सी (साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ८.९ आणि हिमोग्लोबिन १०.४ आल्यामुळे तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

चालू गोळ्या: मेटफॉर्मिन (आठ-नऊ वर्षं), बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली, आणि दुखण्यावर अॅसेक्लोफिनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५ सकाळ-संध्याकाळ. ही शेवटची गोळी दोन महिने केमिस्टकडूनच आणतोय. रात्री फार ठणकलं तर वर पॅरासिटामॉल ६५०.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय. विचारायचंय ते असं:
१. हाडावर हाड घासतंय म्हणतात, मग व्यायामाने आणखी झिजणार नाही का? त्या आता जवळपास दिवसभर पलंगावरच असतात.
२. काठी घ्यावी की वॉकर?
३. या गोळ्या आणखी तीन महिने चालतील का?
४. संडासाचं काय करावं? फोडून कमोड बसवणं आत्ता शक्य नाही.

---

चालतं_फिरतं (फिजिओथेरपिस्ट)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. झीज व्हायची ती झाली आहे आणि तो सांधा तसाही काढलाच जाणार आहे. तीन महिन्यांत जे खरोखर गमावलं जाऊ शकतं ते मांडीच्या पुढच्या स्नायूचं बळ आणि पाय पूर्ण सरळ होणं. नवा गुडघा बसवला तरी तो हलवणारा स्नायू जुनाच असतो. पलंगावर पडून तो झपाट्याने वाळतो. शिवाय सांध्यात पाणी भरलं की शरीर या स्नायूला आपणहून ढिला सोडतं. जिना उतरताना गुडघा अचानक दगा देतो तो बहुतेक वेळा यामुळे.

घरी गुडघ्याखाली उशी आहे का, ते बघा. असेल तर आजच काढा. गुडघा वाकलेला ठेवला की बरं वाटतं, म्हणून सगळेच ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांत मागचे स्नायू आणि आवरण आखडतं आणि पाय वाकलेलाच राहतो. शस्त्रक्रियेआधी पाय जितका सरळ होतो आणि वाकतो, त्यावर नंतरची हालचाल बरीच अवलंबून असते.

उशी हवीच तर टाचेखाली. टॉवेलची चार-पाच इंच जाडीची गुंडाळी टाचेखाली घ्यायची, गुडघा मधे अधांतरी सोडायचा, ५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. मागे ताण बसेल, तो बसायलाच हवा. दर रविवारी मोजा: पाय लांब सोडून गुडघ्यामागे आडवी किती बोटं जातात. तीनची दोन झाली तर काम होतंय.

व्यायाम मोजकेच, पण रोज:

- मांडी आवळणं: पाय सरळ, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, ५ आकडे मोजायचे, सोडायचं. १० वेळा, दिवसातून ३ वेळा. आकडे मोठ्याने मोजू द्या, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. बीपी असलेल्यांना हे महत्त्वाचं.
- पाय उचलणं: दुसरा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवायचं (नाहीतर कंबर दुखते), दुखरा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा, ५ आकडे, सावकाश खाली. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर अजून मांडी आवळण्यावरच थांबा.
- टाच सरकवणं: टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली की चादरीवर सहज सरकते. जमेल तितकं वाकवायचं, परत सरळ.
- खुर्चीतून उठणं: हात असलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं, मग उठायचं. ५ पासून सुरुवात.
- हातांनी खुर्चीचे हात दाबून बूड किंचित उचलणं. शस्त्रक्रियेनंतर वॉकरवर सगळा भार हातांवर येणार, त्याची ही तयारी.

दुखलं तर? शून्य ते दहाच्या मापात चार-पाचपर्यंत दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही किंवा सूज वाढली तर निम्मे करा; बंद करू नका. चालणंही एकदम अर्धा तास नको, १० मिनिटं तीन वेळा. “आज बरं वाटतंय” म्हणून सगळी कामं उरकली आणि पुढचे दोन दिवस पडून काढले, हे चक्र फार घरांत दिसतं. बऱ्या दिवशी हात आखडता घ्यायचा.

शेकायचं कधी, बर्फ कधी? सकाळची आखड असेल तर शेक, १५ मिनिटं. चालून आल्यावर गुडघा फुगला, गरम लागला तर बर्फ, फडक्यात गुंडाळून १० मिनिटं. मधुमेहात पायाची जाणीव कमी असते, त्यामुळे शेकाची पिशवी किती गरम आहे ते तुमच्या हाताने ठरवा, त्यांच्या सांगण्यावरून नको.

---

चिठ्ठी_दाखवा (फार्मासिस्ट)

ताई, तिसरा प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे. पॅरासिटामॉलचा हिशेब केला तर ३२५ दोनदा आणि ६५० एकदा, म्हणजे १३०० मिलिग्रॅम. या वयात बरेच डॉक्टर दिवसाला ३००० च्या आत ठेवायला सांगतात, तेव्हा तिकडे अडचण नाही. अडचण अॅसेक्लोफिनॅकची आहे.

टेल्मिसार्टन + लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड + अॅसेक्लोफिनॅकच्या जातीचं वेदनाशामक, हे तिन्ही मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताच्या दाबाशी तीन बाजूंनी खेळतात. धडधाकट दिवसात निभावून जातं. जुलाब, उलट्या किंवा कडक उपास झाला, पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात वाढणारा घटक) चढतं. मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिनही अंगात साठतं. सोबत पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीची गोळी) घेतलं की “आता काळजी नाही” असा समज असतो. त्याने पोट वाचतं, मूत्रपिंड नाही. आणि ही वेदनाशामकं बीपीही चढवतात.

म्हणून या आठवड्यात क्रिएटिनिन, ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा आकडा), पोटॅशियम करून घ्या आणि रिपोर्ट व गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन फिजिशियनकडे जा. तोपर्यंत ती गोळी रोजची न ठेवता थांबवणंच शहाणपणाचं, पण ते त्यांना फोनवर विचारून करा. जुलाब-उलट्या लागल्या तर वेदनाशामक त्या दिवशी बंदच, आणि बीपीच्या गोळीचं व मेटफॉर्मिनचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं.

हिमोग्लोबिन १०.४ याच्याशीही हे जोडलेलं असू शकतं. या गोळ्यांनी पोटात थोडं थोडं रक्त जातं. शौच डांबरासारखं काळं, चिकट होतं का विचारा. (लोहाच्या गोळीनेही काळं होतं, म्हणून लोह सुरू करण्याआधीच विचारायचं.) शिवाय इतकी वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी-१२ कमी असण्याची शक्यता. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ दोन्ही तपासा, मगच गोळी. लोह चहाबरोबर घेतलं तर निम्मं वाया जातं, चहा आणि गोळी यांत तास-दीड तास सोडा. दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यासोबतही नको.

मग दुखण्यावर काय? पॅरासिटामॉल दुखलं की घेण्यापेक्षा ठरलेल्या वेळी, आणि दुपारच्या हालचालीच्या तासभर आधी घेतलं तर त्यातल्या त्यात उपयोग होतो. खरं सांगायचं तर गुडघ्याच्या झिजेत त्याचा परिणाम बेताचाच. त्याहून बरा पर्याय डायक्लोफिनॅकचा जेल. पण लोक लावतात हरभऱ्याएवढा आणि म्हणतात गुण नाही. १ टक्क्याच्या जेलची मात्रा गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. पूर्ण मात्रेत दोन्ही गुडघ्यांना लावायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तात थोडंच जातं, पण मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघूनच ठरवावं. गुडघ्याच्या चारही बाजूंना चोळायचं, वर पट्टा किंवा शेक नाही, नंतर हात धुवायचे. आठवडाभर सलग लावल्याशिवाय निकाल देऊ नका.

ट्रामाडॉल (जास्त कडक वेदनाशामक) कुणी सुचवलं तर जपून: चक्कर, बद्धकोष्ठ, आणि दुसऱ्या मजल्याचा जिना. रात्री लघवीला उठताना पडून मांडीचं हाड मोडलं तर गुडघा बाजूलाच राहील.

---

मृदुला_सातारा

दोघांचेही आभार. उशी होती, काढली. तपासणीला रक्त उद्या देतोय. आणखी तीन गोष्टी राहिल्या. शेजारचे म्हणतात गुडघ्यात एक इंजेक्शन घेतलं की तीन महिने निघतात. नणंदेने नी कॅप पाठवलीय. आणि आठवडी बाजारातल्या एका वैदूच्या पुड्या सासूबाईंनी मधे दोन-तीन आठवडे घेतल्या होत्या, त्याने “जादूसारखा” फरक पडला होता. त्या परत मागताहेत.

---

भुलीचा_डॉक्टर

जादूसारखा फरक हीच धोक्याची खूण. अशा बेनाव पुड्यांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं, कधी डायक्लोफिनॅकही कुटून घातलेलं सापडतं. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, चेहरा सुजतो, साखर चढते. तुमच्या ८.९ मधला काही वाटा पुड्यांचाही असू शकतो. परत सुरू करू नका. पुड्या महिनोन्महिने चालू असत्या तर एकदम बंद करणंही धोक्याचं ठरलं असतं, कारण अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं. तुमचा काळ थोडा आहे, तरी फिजिशियनना आणि भूल देणाऱ्याला हे स्पष्ट सांगा. “आयुर्वेदिक होतं” एवढंच सांगून सोडू नका. हे आम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

इंजेक्शन: गुडघ्यात स्टेरॉइड दिल्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन तेवढं अंतर ठेवतात. आज घेतलं तर तारीख पुढे ढकलावी लागेल. वर मधुमेहात साखर काही दिवस चांगलीच उसळते, आणि तुम्ही थांबलाय ते साखरेसाठीच. सांध्यात वंगणासारखं जेल सोडायचं इंजेक्शन (चोळायचा जेल नव्हे) महाग, फायदा किरकोळ, आणि सुई सांध्यात जातेच. दुसऱ्या दवाखान्यात जाऊन परस्पर काही टोचून घेऊ नका.

एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, म्हणून मुदत तीन महिन्यांची. बहुतेक ठिकाणी साडेसात-आठच्या आत आला की पुढे जातात. शेवटच्या पंधरवड्यात भात बंद करून तो आकडा हलत नाही, आजपासूनच लागावं लागेल.

आता कातडीबद्दल. ऐन वेळी शस्त्रक्रिया रद्द होण्याचं हे फार साधं कारण आहे. बिब्बा लावणं, डागणं, तापलेल्या विटेने शेकणं यातलं काहीही त्या पायाला नको. फोड किंवा जखम दिसली तर सर्जन सुरी लावत नाहीत. टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या आत्ताच बऱ्या करा. किडके दात, हलणारे दात, लघवीची जळजळ, हेही आत्ताच. मिश्री लावत असतील तर बंद, निदान चार आठवडे आधी.

---

मापाची_काठी (ऑर्थोटिस्ट, म्हणजे पट्टे-ब्रेस मापाने बसवणारा)

नी कॅपने ऊब मिळते, सांध्याची जाणीव सुधारते, थोडा धीर येतो. वाकलेला पाय ती सरळ करत नाही की भार उचलत नाही. दिवसा चालताना घाला, झोपताना काढा. वर-खाली कातडीत वळ उमटत असेल किंवा पाऊल सुजत असेल तर माप लहान आहे. आतल्या बाजूचा भार कमी करणारा कडेला पट्टी असलेला ब्रेस वेगळा. तो मापाने बसवावा लागतो. जाड मांडी आणि कमी उंची असेल तर तो सारखा खाली घसरतो. तीन महिन्यांसाठी मी तो खर्च करायला सांगणार नाही.

काठी की वॉकर? घरात दोन खोल्यांच्या मधे भिंत धरत चालत असतील तर आत्ताच काठी हवी. एका काठीवरही झोक जात असेल तर वॉकर. वॉकर घेण्याआधी न्हाणीघराचं दार मोजा. जुन्या इमारतींत ते दोन फुटांचं असतं आणि वॉकरचे पाय जवळजवळ तेवढेच फाकलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर वॉकर लागणारच आहे, तेव्हा आत्ता घेतला तर वाया जात नाही. पण जिन्यावर वॉकर नाही.

काठीचं माप: रोजची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, जमिनीपासून मनगटाच्या वळीपर्यंत. काठी धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं दिसायला हवं. ४ फूट ११ इंचांच्या बाईंना दुकानातली लाकडी काठी हमखास उंच होते. खांदा वर चढतो, मान धरते. अॅल्युमिनियमची भोकांची घ्या, आणि बटण भोकातून पूर्ण बाहेर आल्याचा टक आवाज ऐका.

धरायची डाव्या हातात, उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणून. काठी आणि उजवा पाय एकदम पुढे, मग डावा. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की माणूस त्याच बाजूला झुकतो आणि भार वाढतो. दहापैकी निम्मे लोक असंच चालताना दिसतात. चार पायांची काठी चारही पाय टेकले तरच आधार देते, आणि जिन्याच्या पायरीवर मावत नाही, म्हणून तुमच्या घरात नको.

टोकाचं रबर महिन्यातून एकदा उलटं करून बघा. खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर बदला. जुनं रबर दुकानात घेऊन जा म्हणजे जाडी चुकत नाही. पावसात एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री असं जमत नाही. रेनकोट घ्या. आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल, सपाता घसरतात.

---

घरातला_आधार (ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

संडास फोडायची गरज नाही. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, लोखंडी किंवा स्टीलची, हात असलेली आणि उंची कमी-जास्त होणारी घ्या. सगळे “१८ इंच” सांगतात, पण सासूबाईंच्या उंचीला १८ इंचांवर पाय लोंबकळतील. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यात २ इंच मिळवा. पाऊल पूर्ण टेकायला हवं. पलंग आणि नेहमीची खुर्ची यांनाही हेच माप.

चारही रबरं कोरड्या, सपाट फरशीवर टेकतात का बघा. बऱ्याच संडासांत भांडं दोन-तीन इंच उंच चौथऱ्यावर असतं. मग मागचे पाय चौथऱ्यावर आणि पुढचे खाली येतात, खुर्ची डुगडुगते. तसं असेल तर पुढच्या पायांची भोकं वेगळ्या उंचीवर लावा. नळ किंवा पाणी ओतायचं टमरेल बसल्या जागी हाताला लागेल असं हवं, वाकायला लागू नये. कडी आतून न लावता दार नुसतं लोटायचं.

भिंतीचा दांडा लावायचा तर त्यांना बसवून, हात टेकवून पेन्सिलीने खूण करा, मग ड्रिल. रबरी चोषकाचे दांडे टाइलवरून सुटतात. टॉवेलच्या दांड्याला धरून उठणं तर साफ बंद. प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून वापरणारेही बरेच आहेत. ओल्या टाइलवर तिचे पाय फाकतात, ती नको.

जिना: चढताना आधी डावा (बरा) पाय, मग उजवा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि उजवा, मग डावा. एका वेळी एकच पायरी. एक हात कठड्यावर, काठी दुसऱ्या हातात, मग ती “चुकीच्या” हातात आली तरी हरकत नाही, जिन्यावर कठडा मोठा. कठडा पक्का असेल तर दोन्ही हातांनी धरून आडवं उतरणंही चालतं. खाली उतरण्याची कामं एका फेरीत बसवा: रक्ततपासणी, दाताचा डॉक्टर, बँक, सगळं त्याच दिवशी.

रिक्षात चढताना आधी पाय टाकायचा नाही. पाठ करून बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. देवपूजा खुर्चीवर, देव टेबलावर. पोळ्या लाटायच्याच असतील तर पोळपाट जेवणाच्या टेबलावर आणि तवा दुसऱ्याच्या हातात.

---

मृदुला_सातारा

क्रिएटिनिन १.३ आलं. डॉक्टरांनी अॅसेक्लोफिनॅक बंद करून एका गुडघ्याला जेल सुरू केलाय आणि महिन्याने परत तपासायला सांगितलंय. आता शेवटचं: रात्री उशीशिवाय झोप लागत नाही. आणि वजन कमी करायला म्हणून त्यांनी संध्याकाळचं जेवण सोडलंय, ते ठीक आहे का?

---

चालतं_फिरतं

रात्रीसाठी कुशीवर झोपवा, दुखरा पाय वर, दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी. ती मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल इतकी लांब असावी, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि गुडघा पिळला जातो. उताणं झोपायचं असेल तर टाचेखाली पातळ घडी चालेल. झोपण्याआधी १५ मिनिटं शेक, मग टाच सरकवणं दहा वेळा. उशी सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस कुरकुर होणारच.

जेवण सोडू नका. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो हे खरं, पण उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातो, आणि आपण तोच जपतोय. भात-पोळी कमी करा, वाटीभर उसळ, दोन अंडी किंवा पनीर, ताक वाढवा. क्रिएटिनिन १.३ असल्याने प्रथिनं किती ते फिजिशियनकडून ठरवून घ्या.

---

भुलीचा_डॉक्टर

साखरेसाठी नवी गोळी दिली तर नाव बघून ठेवा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते, भरतीच्या दिवशी सांगून उपयोग नसतो. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) असतील तर उलट: आपण होऊन बंद करायचं नाही.

तारखेची वाट न बघता दाखवायचं ते असं: गुडघा एकाएकी लाल, गरम आणि सोबत ताप, एकाच पायाची पोटरी सुजून ठणकणं, छातीत दुखणं, धाप, कालपर्यंत चालत होत्या आणि आज पाय टेकवतच नाही, दोन्ही पायांत अशक्तपणा येऊन लघवीवरचा ताबा जाणं. यातल्या कशावरही पोटरी चोळून किंवा लेप लावून बघत बसायचं नाही.